गाडी खाली घेतली की नक्की काय बदलतं? कॉइलओव्हर, उंची आणि 'कम्फर्ट' मोजायची भानगड

पीएचडीसाठी रिसर्च प्रपोजल लिहिणारे मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलचे विद्यार्थी भेटले की त्यांच्यात साधारण असा विषय घेऊन येणारा एकतरी असतोच: 'आफ्टरमार्केट सस्पेन्शनची उंची बदलल्याने प्रवासातल्या कम्फर्टवर होणारा परिणाम.' विषय वाईट नाही. प्रयोग करता येतो, गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या पुढे जात नाही आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं काहीतरी कळतं. पण या वाक्यातला 'उंची' हा शब्द एका गोष्टीचं नाव नाही, आणि 'कम्फर्ट' तर नाहीच नाही. मुलाखतीत समोरचे प्राध्यापक नेमकं इथेच बोट ठेवतात. तिथे अडखळलात तर पुढची वीस पानं कितीही सुबक असली तरी उपयोग नाही. म्हणून आज हा विषय जरा उघडून बघू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी वस्तू कोणती ते ठरवू. बाजारात 'कॉइलओव्हर' म्हणून जे मिळतं ते म्हणजे शॉकॲब्सॉर्बर (गॅरेजच्या भाषेत शॉकअप) आणि त्याच्याभोवती बसवलेली स्प्रिंग, असा एकत्र जोड. काटेकोर बोलायचं तर कंपनीतून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या स्ट्रटमध्येही स्प्रिंग शॉकअपच्या भोवतीच असते. फरक इतकाच की आफ्टरमार्केट जोडाच्या अंगावर आटे असतात आणि त्या आट्यांवर फिरणाऱ्या रिंगांनी उंची बदलता येते. रिंग फिरवायला एक वाकडा पाना लागतो, तो किटबरोबर येतो.

हे जोड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत फक्त स्प्रिंग ज्या वाटीवर टेकते ती वाटी वर-खाली होते. शॉकअपची एकूण लांबी तीच राहते. दुसऱ्या जातीत वाटी तर हलतेच, शिवाय खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, म्हणजे अख्ख्या जोडाची लांबी कमी-जास्त करता येते. जाहिरातीत दोन्हीवर 'हाइट ॲडजस्टेबल' असंच लिहिलेलं असतं. संशोधनाच्या दृष्टीने मात्र हे दोन पूर्ण वेगळे प्रयोग आहेत. का, ते आकड्यांत बघू.

एका चाकाचा हिशोब

मागचं एक चाक घ्या. त्याच्यावर येणारं गाडीच्या अंगाचं वजन ३०० किलो धरू, म्हणजे चाक, ब्रेक वगैरे सोडून स्प्रिंगच्या वर जे काही आहे ते. स्प्रिंग चाकाच्या थेट डोक्यावर आहे असंही धरू, म्हणजे लिव्हरचा गुणोत्तराचा हिशोब मध्ये येणार नाही. (खऱ्या गाडीत तो येतो आणि त्याचा वर्ग करावा लागतो. प्रपोजलमध्ये हे विसरू नका.)

कंपनीची स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिमी आहे असं समजा. ३०० किलो म्हणजे साधारण २९४३ न्यूटन, तेव्हा गाडी उभी असताना स्प्रिंग १४७ मिमी दबलेली असणार. आता ५० न्यूटन प्रति मिमीची आफ्टरमार्केट स्प्रिंग टाकली. ती फक्त ५९ मिमी दबेल.

या ५९ मिमीला फार महत्त्व आहे. शॉकअपचा एकूण स्ट्रोक १२० मिमी धरा. जॅकवर चाक लटकत असताना वाटी वर घेऊन स्प्रिंग ९ मिमी आधीच दाबून ठेवली आहे. यालाच प्रीलोड म्हणतात. गाडी खाली टेकवली की स्प्रिंगला ५९ मिमीपर्यंत दबायचंय, त्यातले ९ झालेत, म्हणजे शॉकअप ५० मिमी आत जाईल. वर जाण्यासाठी उरले ७० मिमी. त्यातही शेवटचे ३० मिमी रबरी बंप स्टॉपचे. म्हणजे मोकळी जागा ४० मिमी.

आता पहिल्या जातीच्या जोडावर वाटी २५ मिमी खाली घ्या. गाडी २५ मिमी खाली आली, छान दिसतेय. पण शॉकअपसुद्धा २५ मिमी आत गेलाय. मोकळी जागा ४० वरून १५ मिमी झाली. मागे दोन माणसं बसली, डिकीत सामान भरलं, या चाकावर ६० किलो जास्त आले की स्प्रिंग आणखी १२ मिमी दबली. उरले ३ मिमी. तीन! रस्त्यावरची साधी उंचवटी आली तरी गाडी बंप स्टॉपवर आदळणार. त्या क्षणी तुमच्या स्प्रिंगचा रेट ५० आहे का ४० याला काही अर्थच राहत नाही, कारण माणूस रबराच्या ठोकळ्यावर बसलाय.

दुसऱ्या जातीत तेच २५ मिमी खालच्या ब्रॅकेटवरून घेतले तर शॉकअपच्या आत काहीच बदलत नाही. ४० मिमी मोकळी जागा तशीच राहते. तिथे अडचण दुसरीकडे येते: चाक आता मडगार्डच्या आतल्या बाजूला २५ मिमी जवळ आलंय, आणि बंप स्टॉप लागायच्या आधी टायर प्लॅस्टिकच्या आवरणाला घासू शकतो.

बाहेरून फोटो काढला तर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. प्रपोजलमध्ये तुम्ही 'उंची: वजा २५ मिमी' एवढंच लिहिलंत, तर वाचणाऱ्याला कोणता प्रयोग केला हे कळायला मार्ग नाही.

एक समज इथेच मोडून टाकू, कारण तो गॅरेजपासून काही प्रोजेक्ट रिपोर्टपर्यंत सगळीकडे फिरतो: 'प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते.' सरळ रेटची स्प्रिंग कडक होत नाही. वजन तेच, स्प्रिंग तीच, म्हणजे गाडी उभी असताना ती ५९ मिमीच दबणार, तुम्ही वाटी कुठेही ठेवा. बदलतं ते फक्त वर किती आणि खाली किती प्रवास उरला त्याचं वाटप. बुलेट किंवा स्कूटरचा मागचा शॉकअप 'टाइट' करून घेतला की गाडी उंच होते आणि डबलसीट असताना खाली आपटत नाही, ते याच कारणाने. मग कडक का वाटतं? प्रीलोड खूप वाढवला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की शॉकअप पूर्ण उघडून टोकाला ठोकला जातो आणि ठणका लागतो. प्रीलोडचा जोर गाडीच्या वजनापेक्षाच जास्त केला तर मग गोष्ट निराळी, तेव्हा स्प्रिंग दबायलाच तयार नसते. पण तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही.

कडक म्हणजे किती कडक

आता वारंवारता. स्प्रिंगचा रेट भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, भागिले दोन पाय. कंपनीच्या स्प्रिंगवर १.३० हर्ट्झ येते, आफ्टरमार्केटवर २.०५ हर्ट्झ. स्प्रिंग अडीचपट कडक झाली, पण वारंवारता दीडपटीहून जराच जास्त झाली. वर्गमूळाची कृपा.

ही संख्या महत्त्वाची का? उभ्या दिशेची कंपनं आपलं शरीर सगळ्या वारंवारतांना सारखी अनुभवत नाही. बसलेल्या माणसाला साधारण ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सर्वांत जास्त जाणवतात. आयएसओ २६३१-१ या १९९७ च्या मानकातलं उभ्या दिशेचं वेटिंग याच समजावर उभं आहे. स्प्रिंग कडक करत जाणं म्हणजे गाडीच्या अंगाची डोलण्याची वारंवारता हळूहळू त्या पट्ट्याकडे सरकवणं. दुसऱ्या टोकाला, अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेलात तर मळमळीचा पट्टा लागतो. घाटात मागच्या सीटवर बसून ज्यांना उलटी होते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

चाकाचा स्वतःचा हिशोब मात्र वेगळा. चाक-ब्रेक मिळून ४० किलो आणि टायरचा रेट २०० न्यूटन प्रति मिमी धरला, तर कंपनीच्या स्प्रिंगवर चाक ११.८ हर्ट्झने नाचतं आणि आफ्टरमार्केटवर १२.६. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही. तिथे राज्य टायरचं आहे. म्हणून कम्फर्टचा प्रयोग करताना हवेचा दाब नोंदवला नसेल तर १० हर्ट्झच्या आसपास दिसणाऱ्या फरकाचं श्रेय सस्पेन्शनला देऊ नका.

शॉकअपबद्दल थोडक्यात, पण हा भाग सोडू नका. कंपनीची स्प्रिंग आणि शॉकअप मिळून डॅम्पिंग रेशो ०.३ होता असं धरा, प्रवासी गाड्यांना साजेसा आकडा आहे. त्यासाठी लागणारा गुणांक येतो साधारण १४७० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. शॉकअप तोच ठेवून नुसती ५० ची स्प्रिंग टाकली तर रेशो ०.१९ वर येतो. पैसे वाचवायला नुसत्या स्प्रिंगा बदलणारे 'गाडी कडकही झाली आणि उडतेही' अशी तक्रार करतात ती यामुळे. तक्रार परस्परविरोधी वाटते, पण अगदी बरोबर आहे.

कॉइलओव्हरच्या डोक्यावर जे क्लिकचं बटण असतं त्याने सहसा तेलाची एक बारीक वाट उघडते किंवा बंद होते. तिचा परिणाम दांड्याचा वेग कमी असताना जास्त दिसतो. 'लो-स्पीड' म्हणजे दांड्याचा वेग, गाडीचा नाही. यावर मुलाखतीत हमखास प्रश्न येतो! अंदाज घ्या: २ हर्ट्झला १० मिमी डोलणाऱ्या अंगाचा दांड्यावरचा वेग ०.१३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास येतो, तर १२ हर्ट्झला तेवढंच नाचणाऱ्या चाकाचा ०.७५. खड्ड्याचा दणका दुसऱ्या वर्गातला. तो आतल्या पातळ चकत्यांची चळत सांभाळते, आणि बरीच बटणं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय क्लिक सरळ रेषेत चालत नाहीत: तिसऱ्यावरून चौथ्यावर जाणं आणि तेराव्यावरून चौदाव्यावर जाणं सारखं नसतं. त्यामुळे आलेखाच्या आडव्या अक्षावर 'क्लिक क्रमांक' टाकून त्यातून सरळ रेषा काढू नका. क्लिक मोजायची सुरुवातही पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक बाजूने करायची, कारण ते टोक जास्त भरवशाचं असतं.

मित्राच्या गाडीचं प्रकरण

माझ्या एका मित्राने सेकंडहँड किट बसवलं आणि गाडी चांगली बोटभर खाली घेतली. त्याच्या वडिलांना कंबरदुखी आहे. दोन आठवड्यांत त्यांनी जाहीर केलं की यापुढे मी रिक्षाने जाईन. मित्राचं निदान तयार होतं: स्प्रिंग कडक आहे, मऊ घ्यायला हवी. किंमतही काढून झाली होती. आम्ही आधी एक पाच रुपयांचं काम केलं. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय हलकासा आवळून खाली सरकवून ठेवला. मग तिघं बसून नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारली. परत आल्यावर टाय बंप स्टॉपला जाऊन चिकटला होता. म्हणजे बोलून-चालून आपटत होती. किट पहिल्या जातीचं होतं. स्प्रिंगला हात न लावता मागची उंची १५ मिमी वाढवली आणि पुन्हा फेरी मारली, तर टाय बराच खाली थांबला. काका आता गाडीत बसतात. पुढच्या सीटवर बसतात, पण बसतात.

हा किस्सा मी कम्फर्टच्या मोजमापासाठी सांगितला, कारण इथे एक फसवणूक लपलेली आहे. आयएसओ २६३१-१ मध्ये वेट केलेल्या त्वरणाची आरएमएस किंमत काढतात. ०.३१५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर त्रासदायक नाही, ०.८ ते १.६ असेल तर त्रासदायक, अशी एकमेकांत शिरणारी श्रेणी त्यात दिली आहे. आता १०० सेकंदांची फेरी घ्या. आरएमएस ०.५ आहे. त्यात फक्त १ सेकंद बंप स्टॉपवर आदळणं घाला, त्या सेकंदाची पातळी ४. (सोयीसाठी सगळे आकडे सपाट धरलेत.) एकूण आरएमएस होते ०.६४. 'जरासा फरक' म्हणून कुणीही पुढे जाईल. आता तेच चौथ्या घाताने मोजा, ज्याला व्हायब्रेशन डोस व्हॅल्यू म्हणतात: १.५८ वरून आकडा थेट ४.०२ वर जातो. काकांच्या कंबरेला ज्या एका सेकंदाने त्रास दिला तो सरासरीत बुडाला होता, चौथ्या घाताने तो वर काढला. म्हणून मानकातच सुचवलंय की शिखर आणि आरएमएस यांचं गुणोत्तर ९ च्या वर गेलं तर नुसत्या आरएमएसवर विसंबू नका. आपल्याकडच्या गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यांवर माझं मत त्याहून कडक आहे: दोन्ही आकडे नेहमीच द्या.

गतिरोधकाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये २५ किमी वेगासाठीचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध उभी केली, तर दोन्ही चाकं उंचवट्यावर असल्यामुळे पोटाखालची जागा फक्त ४६ मिमीने कमी होते. व्हीलबेसचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या, करून बघा. गल्लीत हौसेने घातलेला अरुंद वरवंटा मात्र चाकांच्या मध्ये येतो आणि त्याची पूर्ण उंची खातो. तेव्हा 'किती खाली घेतली तर चालेल' याचं उत्तर गाडीइतकंच रस्त्यावर अवलंबून आहे, आणि प्रबंधात 'भारतीय रस्ते' असा एकच रस्ता नसतो.

पुढचं-मागचं नातं

मॉरिस ओली हे नाव लक्षात ठेवा. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅककडे गेलेला हा इंग्रज इंजिनिअर. त्याने एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजनं बसवून राइडचे प्रयोग केले. त्यातून पुढे आलेला मुद्दा असा: मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. कारण साधं आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. ६० किमी वेगाला अडीच मीटर व्हीलबेसमध्ये हे अंतर ०.१५ सेकंदाचं. मागची बाजू उशिरा डोलायला लागते, पण जरा जलद डोलत असल्यामुळे पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट वर-खाली होते. उलटं केलंत तर गाडी नांगर टाकलेल्या होडीसारखी पुढे-मागे झुलते. ट्रॅकच्या हिशोबाने जुळवलेल्या किटमध्ये हे नातं उलटलेलं असू शकतं. म्हणून एका चाकाचं मॉडेल पुरेसं नाही, निदान अर्ध्या गाडीचं तरी घ्या.

भूमितीचं फार लांबवत नाही: मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली घेतली की आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं. त्यामुळे खाली घेतलेली गाडी वळणावर जास्त कलण्याकडे झुकू शकते. टो बदलतो, हेडलाइटचा झोतही. प्रत्येक उंचीनंतर व्हील ॲलाइनमेंट करायलाच हवं.

प्रयोग लावताना

उंची जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची हवाही त्यात येते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. टायर जमिनीला धरून ठेवतात आणि गाडी खोटी उंच राहते, म्हणून ती दहा-पंधरा फूट पुढे-मागे ढकलून मग टेप लावा. आणि आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लटकत असताना घट्ट करू नका. गाडी टेकल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, स्वतःच एक स्प्रिंग बनतं आणि लवकर फाटतं. बोल्ट ढिले करून, गाडी आपल्या वजनावर उभी असताना आवळायचे. उंचीच्या प्रयोगात हा सर्वांत कमी नोंदला जाणारा घटक आहे असं माझं मत आहे.

चारही कोपरे सारख्या उंचीवर आणले म्हणजे वजन सारखं वाटलं गेलं असंही नाही. एका कोपऱ्याची वाटी वर घेतली की त्याच्यावर आणि तिरप्या समोरच्या चाकावर वजन वाढतं, उरलेल्या दोघांवर कमी होतं. चार पायांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागद घालण्यासारखंच हे. शक्य असेल तर चार वजनकाटे मिळवा, आणि माप घेताना ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाची पोती ठेवा.

मोजमापाला सुरुवातीला मोबाइलही चालतो. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप त्वरणाचा कच्चा डेटा देतं. फोन सीटच्या लोखंडी रुळावर घट्ट बांधा, मऊ गादीवर नुसता ठेवू नका. यातून प्राथमिक कल्पना येईल. प्रबंधासाठी गादीवर ठेवायचा सीट-पॅड सेन्सर लागेलच. मांडणी साधी ठेवा: मूळ उंची, बदललेली उंची, परत मूळ उंची. तिसऱ्या वेळी पहिल्यासारखे आकडे आले नाहीत तर मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचं कारण नाही. तेल गरम झालं असेल, हवा बदलली असेल, रस्त्यावर कुणीतरी खोदलं असेल. बसणाऱ्या माणसाला आज कोणती उंची आहे हे सांगू नका, आणि फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

परवानगीचं आधीच बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात फेरफार करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांविरुद्ध निकाल दिला आहे. त्यामुळे प्रयोगाची गाडी संस्थेच्या नावावर, चाचणी बंद आवारात आणि गाइडची लेखी संमती, या तिन्हींची तजवीज प्रपोजलच्या 'पद्धती' विभागातच करा. आणि प्रत्येक फेरीच्या नोंदीत स्प्रिंग रेट, प्रीलोड, जोडाची लांबी, बंप स्टॉपपर्यंतची मोकळी जागा, क्लिक, टायरचा दाब, गाडीतलं वजन आणि तेलाचं तापमान असे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. शॉकअपच्या बाहेरच्या अंगाला इन्फ्रारेड थर्मामीटर लावून तापमान घेतलंत तरी तुलनेपुरतं चालतं.